उष्ट्या हळदीतलं लिंबू

३ मार्च

हास. तू बी हास. घरचे हासून झाले, मैत्रिणी हासून झाल्या, आता ही वही जो कोणी चोरून वाचून राहिला त्याचंच बाकी होतं. बी.एस्सी. करून पोट्टी साबण करते, असंच म्हणाचं आहे ना तुले? अन् तू काय करून राहिला? दुसऱ्याची वही वाचून राहिला. बस मंग गपचूप.

त मी क्लास लावला. गाडगे नगरात एका मॅडमच्या घरी, दर शनिवारी. साबणात, उटण्यात, अंगाले लावाच्या तेलात कोणता वास कोणासंग नांदते ते शिकाचं. मॅडम म्हणतात वासाले तीन मजले असतात. वरच्या मजल्यावर लिंबू, संत्रं. हे पहिले बोलतात अन् पहिले निघून जातात. मधल्या मजल्यावर फुलं. तळमजल्यावर वाळा, नागरमोथा, चंदन. हे उशिरा येतात पण मंग हालतच नाहीत.

हे मी मोठ्या बाबाले सांगतलं. मोठे बाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ, खुशालराव. भिंतीले भिंत लागून घर आहे त्यायचं. ते म्हणे, "मंग मी तळमजल्यावरचा." मोठी आई आतून म्हणे, "हाव, जेवण होऊन तास झाला, अजून अठीच बसून आहा."

१४ मार्च

वाळा, मोगरा अन् संत्र्याची साल. मले वाटलं काय जमलं! आईनं साबण नाकाजवळ नेला अन् म्हणे, "प्रणाली, हे कोणाच्या घरचं लग्न आहे का मयत?"

१७ मार्च

दुकानातल्या लिंबाच्या तेलाले फरशी पुसल्यासारखा वास येते. म्हणून घरीच काढलं. कागदी लिंबाच्या हिरव्या साली, काट्याच्या चमच्यानं टोचाच्या, दाबाच्या, वर तरंगते ते तेल ड्रॉपरनं उचलाचं. ढीगभर सालींतून करंगळीएवढी बाटली भरली. पण वास! झाडावरून आत्ताच तोडल्यावानी.

मॅडमले फोन केला त खुश झाल्या, अन् लगेच दोन गोष्टी ऐकवल्या. एक, सालीचं दाबून काढलेलं तेल अंगावर असलं त उन्हात जाचं नाही, अन् थेंब मोजूनच टाकाचे. दोन, काहीही बनवलं त आधी आपल्या मनगटावर लावाचं, उन्हातही पाहाचं, अन् मंगच दुसऱ्याले द्याचं.

मनगटावर लावलं. स्कुटीवर पंचवटी चौकापर्यंत जाऊन आली. वास चौकाच्या आधीच उडाला. म्हणजे जास्त टाकावं लागते.

२० मार्च

मनगटावर तपकिरी डाग पडला, थेंब ओघळल्यासारखा. कुकरची वाफ लागली असन. आईले म्हटलं, शिट्टी बदल बाई त्याची.

२ एप्रिल

रागिणीचं जमलं! मोठ्या बाबाची एकुलती एक पोरगी, माह्याहून दोन वर्षांनं मोठी, पण आमी दोघी एका ताटात जेवलेल्या. पोरगा अंकुर, अकोल्याचा. पातूर रोडले त्यायचा मळा आहे. फुलं, भाजी अन् हळद. त्याची माय पार्बताबाई हळद स्वतः उकळते, वाळवते, स्वतःच दळून आणते. बैठकीत आमची नाश्त्याची प्लेट सारून तिनं पहिले हळदीचा डबा समोर ठेवला. "वास घ्या. बाजारात असा भेटते का?"

मी वास घेतला. ओल्या मातीचा, थोडा मिऱ्यासारखा. तळमजल्यावरचा वास. मनात आलं, याच्यावर एक वरचा मजला बांधता आला पाहिजे.

रागिणी घरी आल्यावर म्हणे, "माह्या हळदीले तुहंच उटणं पाहिजे. दुसऱ्या कोणाचं लावून नाही घेणार."

२१ एप्रिल

मांडवावरून भांडण. मोठ्या बाबाले अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पाहिजे, गावावरून गाडीभर डहाळ्या आणाच्या, जसा त्यायच्या लग्नात होता. मी म्हटलं, "मोठे बाबा, डहाळ्यांनं फोटोत अंधार येते. आजकाल पिवळी जाळी लावतात. वरून ऊन गाळून येते, सोन्यासारखं दिसते."

ते म्हणे, "मे महिना आहे बाप्पा. पोरगी भाजन."

"अर्धा तास बसाचं आहे फक्त."

रागिणी माह्या बाजूनं. मोठे बाबा हरले. "लावा जाळी. मच्छरदाणीत बसवा नवरीले."

५ मे

उद्या हळद. उटण्याची परात समोर आहे: बेसन, चंदन, कचोरा, नागरमोथा, गुलाबपाकळीची पूड, वरून माहं लिंबाचं तेल. वास मस्त, पण त्यात पार्बताबाईची हळद पडली की सगळं गिळून टाकीन. बैठकीत तिनं दिलेल्या डब्यातली चिमूट टाकून पाहिली. लिंबू गायब. अजून टाकलं. आलं अन् गेलं. अजून टाकलं.

मॅडमच्या मापाच्या किती वर गेली ते लिहीत नाही. वही माही आहे, मी नाही लिहिणार.

उद्या व्हिडिओवाला येणार आहे. सगळ्या पाव्हण्या विचारतीन, हा वास कशाचा? मंग मी सांगीन. नाव बी ठरवलं आहे, डब्यांवर चिकटवाचे कागद छापून ठेवले आहेत. उद्यापासून सुरू.

६ मे

नवरदेवाले लागल्याशिवाय उरलेली उष्टी हळद निघत नाही, अन् अकोल्याहून ती याची म्हणजे दुपारच. आचल, अंकुरची बहीण, दोन मामींसंग गाडीतून उतरली. हातात पितळी डबी, वर लाल कपडा. डबीत वाटीभर हळद. ती मी माह्या परातीत कालवली.

मोठी आईनं पहिलं बोट लावलं, मंग सगळ्यायनं. अन् खरंच, हात लावल्याबरोबर लिंबू असं उठलं की आचल म्हणे, "अय्या, हे काय आहे वं? आमच्या हळदीले असा वास कधीच नव्हता!" हाच तो क्षण होता ज्याच्यासाठी मी दोन महिने घर घाण केलं.

बाकी बायकांनी हात धुतले, जेवाले बसल्या. व्हिडिओवाल्यानं रागिणीले सोडलं नाही. "हळद सुकू द्या ताई, तडे गेले की क्लोजअप भारी येते." जाळीतून ऊन गाळून नाही, सरळ येत होतं. रागिणी दोनदा म्हणे, "धुऊ का आता?" मीच म्हटलं, "थांब न, एक रील होऊ दे."

७ मे

लग्न लागलं. रडून घेतलं. झोप.

८ मे

अकोल्याहून फोन. रागिणीच्या मानेवर, खांद्यावर, दोन्ही हातांवर लाल चट्टे आले अन् फोड धरून राहिले.

उष्णतेनं होते असं. मे महिना आहे.

१० मे

मांडवपरतणीले रागिणी घरी आली. ओढणी गळ्याभोवती गुंडाळून. आत नेऊन ओढणी काढली त मोठी आई खालीच बसली. बोटांचे माग दिसतात. जिथून जिथून आमची बोटं फिरली तिथून तिथून. मानेवर एक ओघळ आहे, लांब, गळ्याच्या हाडापर्यंत.

तो ओघळ मी ओळखते. माह्या मनगटावर त्याचा लहान भाऊ आहे.

दुपारी कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यायनं विचारलं, "काय काय लावलं होतं?"

मोठी आई म्हणे, "हळद जी. नवरदेवाकडची."

"अजून?"

"नाही जी. घरचं उटणं, बस."

"उटण्यात काय होतं?"

मोठी आई म्हणे, "घरचंच जी. आमच्या पोरीनं केलेलं."

रागिणीनं माह्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे पाहत होती. त्यात कातडीलेही तीन मजले असतात.

डॉक्टर म्हणे फोड बसतीन, डाग जायले महिने लागतीन, काही राहतीनही. मी खोटं बोलली नाही. मले कोणी विचारलंच नाही.

११ मे

मोठ्या बाबानं अकोल्याले फोन लावला, स्पीकरवर. "तुमच्या हळदीत रंग होता काय? पावडर टाकता काय पिवळी करायले?"

तिकडून पार्बताबाई, एकदम हळू: "इवाईबुवा, माह्या हळदीले आजवर कोणी असं बोललं नाही."

मंग आचलनं फोन घेतला. "अन् तुमच्या पोरीनं परातीत काय कालवल्तं ते विचारा न! लिंबाचा वास कुठून येत होता?"

मी दारात उभी होती. मोठे बाबा उठूनच उभे राहिले. "ए पोरी, तोंड सांभाळ. आमची प्रणाली शिकलेली आहे, क्लास केला आहे तिनं. घरचं आहे ते, घरच्यानं घरचं माणूस भाजत नाही. माफी मागाले माणूस पाठवा, नाही त पोरगी येत नाही."

फोन ठेवला अन् माह्या डोक्यावर हात ठेवला. "तू नको मनाले लावून घेऊ बेटा."

जेवली नाही. पोट दुखते असं सांगतलं. ते मात्र खोटं होतं.

१२ मे

रागिणी दिवसभर मागच्या खोलीत. अंकुरचा फोन येते, ती घेते, दोघं काही बोलत नाहीत वाटते, कारण आवाज येत नाही. संध्याकाळी मले म्हणे, "तुले काही सांगाचं आहे का?"

मले वाटलं कॉलेजात मले आवडणाऱ्या एका पोट्ट्याबद्दल विचारून राहिली. म्हटलं, "नाही वं, काहीच नाही."

ती म्हणे, "बरं."

१४ मे

आज पार्बताबाई स्वतः आली. अंकुर अन् एक मामा संग. मोठ्या बाबाले वाटलं माफी मागाले आली. ती ओट्यावरही बसली नाही. पिशवीतून डबा काढला.

"इहीणबाई, ही तीच हळद. त्याच पोत्यातली. पाणी द्या."

मोठी आईनं तांब्या दिला. पार्बताबाईनं हळद कालवली, दोन्ही हातांले कोपरापर्यंत, मानेले, चेहऱ्याले थापली, अन् अंगणात जाऊन उन्हात बसली. मांडव कधीचाच काढला. उघडं अंगण. फरशी एवढी तापलेली की आमचं कुत्रं तिकडे जात नाही.

"आई, उठ," अंकुर म्हणे.

"तू बस सावलीत. माह्या सुनेले जेवढं बसवलं तेवढं मी बसन."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलाचं होतं मले, अन् ती बाई सावलीत आली असती. मी काय केलं माहीत आहे? लिंबाचं सरबत केलं तिच्यासाठी. ते बी आईनं नेलं, मी नाही. पार्बताबाईनं नुसतं पाहिलं अन् बाजूले ठेवलं.

उठली तेव्हा तोल गेला तिचा. रागिणी धावत गेली, धरलं. दोघींच्या अंगावर हळद लागली. पार्बताबाई तिले म्हणे, "दोन दिवसांत कळन सगळ्यायले." मंग मोठ्या बाबाले, "अन् माह्या हळदीले नावं ठेवलेल्या दारात मी परत येणार नाही. पोरगी पाठवाची त पाठवा, नाही त ठेवून घ्या."

१५ मे

लिंबाच्या तेलाची बाटली शोधली. कपाटात नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर दिसली, घासून लख्ख, आत ओवा भरलेला. आईले विचारलं तेल कुठी गेलं. म्हणे, "सांडलं." अन् भाजी चिरत राहिली. एवढ्या मेहनतीचं तेल! मी चिडली तिच्यावर.

डब्यांवर चिकटवाचे कागदही दिसत नाहीत.

१६ मे

आचलनं फोटो पाठवला. पार्बताबाईचे हात, मान. उन्हानं काळवंडली आहे, बाकी काही नाही. एक फोड नाही.

मोठे बाबा चष्मा लावून पाहत राहिले. मंग म्हणे, "दुसरी हळद आणली असन."

पण आवाजात दम नव्हता. अन् बोलल्यावर त्यायनं माह्याकडे पाहिलं. रागानं नाही. जसं कोणी आधार मागते तसं. मी मान हालवली. हो म्हणून हालवली. हे लिहून ठेवते, कारण उद्या मी हे विसरल्याचं सोंग करीन.

रागिणी पुन्हा म्हणे, "तुले काही सांगाचं आहे का?"

"किती वेळा विचारशीन?" मी ओरडली.

१७ मे

खात्री करायची आहे म्हणून केलं. उजव्या हातावर ताजी साल दाबून लिंबाचं तेल. डाव्या हातावर पार्बताबाईची हळद, बैठकीतल्या त्याच डब्यात राहिलेली. गच्चीवर बसली. मॅडमनं सांगतलं होतं ते हेच होतं, अन् ते रागिणीच्या आधी कराचं होतं, नंतर नाही.

खरं सांगू? मी देवाले म्हणून राहिली होती की डावा हात जळू दे. त्या बाईची हळद वाईट निघू दे. असं कोणी मागते का? मी मागितलं.

१९ मे

डावा हात साफ. उजव्यावर पाण्यानं भरलेला फोड, आजूबाजूनं लाल. आईनं पाहिला. ओव्याच्या बाटलीजवळ उभी होती. म्हणे, "बर्फ लाव." कसानं झालं ते विचारलंच नाही.

तव्हा कुठी माह्या डोक्यात प्रकाश पडला, आईले ठाऊक आहे. कव्हापासून?

आई म्हणे, "तुह्या मोठ्या बाबासमोर तू छोटी होशीन, म्हणून..." अन् तिथीच थांबली.

मी म्हटलं, "अन् रागिणी?"

ती बर्फ फोडत राहिली.

२० मे

हे परतीच्या एस.टी.त लिहून राहिली, अक्षर हालते.

घरी मैत्रिणीकडे जाते सांगून अकोल्याची गाडी धरली. अंकुरच्या घरी पोहोचली त पार्बताबाई ओसरीत शेवंतीची रोपं निवडत होती. चेहरा अजून काळवंडलेला. मले पाहून उठली नाही, पण बाजूची पिशवी सारून जागा केली.

"ये. रागिणी म्हणे तू येशीन. मी उन्हात बसाच्या आधीपासून वाट पाहून राहिलो."

म्हणजे रागिणीले माहीत होतं. अंकुरले माहीत होतं. ती बाई उन्हात बसली तव्हा तिले माहीत होतं. मी स्वयंपाकघरातून सरबत पाठवलं तव्हा सगळ्यायले माहीत होतं, एकटे मोठे बाबा सोडून. अन् रागिणी रोज मले विचारत होती, दार उघडं ठेवत होती, अन् मी प्रत्येक वेळी ते लावून घेत होती.

मी बसली नाही. उजवा हात पुढे केला, फोड दाखवला. एका दमात बोलली. तेल मी काढलं, माप मी सोडलं, जाळी मी लावाले सांगतली, धुऊ का विचारलं तव्हा थांब मीच म्हटलं. तुमच्या हळदीत काही नव्हतं. तुमी उन्हात बसल्या अन् मी पाहत राहिली.

पार्बताबाईनं हातातलं रोप खाली ठेवलं. तोंड उघडलं. मी चप्पल घातली अन् फाटकाबाहेर पडली. मागून "अवं ए पोरी" ऐकू आलं. त्याच्यापुढचं ऐकू नये म्हणून जवळजवळ पळाली.

बसस्टँडवर येऊन कळलं मी काय केलं. बोलली अन् उडून गेली. जशी मले सवय आहे. तिच्या वाट्याचं बोलणंही तिले बोलू दिलं नाही.

आता बडनेरा गेलं. संध्याकाळी मोठे बाबा ओट्यावर पेपर घेऊन बसतात. त्यायनं माह्यासाठी त्या पोरीले तोंड सांभाळ म्हटलं. त्यायले आता स्वतः फोन लावून माफी मागावी लागन, माह्या पायी, अन् ते मागतीन. तेव्हाच रागिणी जाईन तिच्या घरी, मानेवरचा माहा हात घेऊन.

मी त्यायच्यासमोर बसणार आहे. चप्पल दाराबाहेर, लांब काढून. ते शिव्या देतीन, गप्प बसतीन, उठून आत जातीन, जे करतीन ते होईपर्यंत हालणार नाही.

अन् तू. हो तू, वही चोरून वाचणारा. तुले लय बोलाचं आहे ना? उशिरा सांगतलं, आईच्या मागं लपली, त्या बाईले भाजू दिलं, हेच ना? असू दे तुह्या तोंडात. माहा स्टॉप आला. चालली मी.